रुग्णाचे शब्द, वैद्याचे कान

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता बिरवाडी मागे टाकून वरंधा घाटाच्या पायथ्याकडे निघतो, त्या परिसरात शिवथरचे खोरे आहे. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी एकाच नावाच्या गावांची ही मालिका. सह्याद्रीच्या उंच भिंती, पावसाळ्यात कोसळणारे धबधबे आणि उतारावरची भातशेती असा हा मुलूख आहे. येथल्याच घळीत समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना केली, अशी परंपरा सांगते. विस्मरणात गेलेली ही घळ १९३० साली धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी शोधून काढली आणि तेव्हापासून शिवथरचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

दासबोधाकडे आपण अध्यात्माचा किंवा व्यवहारचातुर्याचा ग्रंथ म्हणून पाहतो. त्याच्या तिसऱ्या दशकात मात्र माणसाला होणाऱ्या त्रिविध तापांचे वर्णन आहे आणि त्यात रोगांची व पीडांची एक लांबलचक यादीच येते. खरूज, नारू, देवी, गोवर ही नावे त्या यादीत आहेत. साप-विंचवासारख्या प्राण्यांपासून होणारी पीडाही आहे. यांतील बहुतेक नावे वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथांतून उचललेली नाहीत. ओसरीवर, शेताच्या बांधावर आणि बाळंतिणीच्या खोलीत जी नावे माणसे उच्चारीत होती, तीच ग्रंथात उतरली. सतराव्या शतकातील मराठी माणूस आपल्या देहाचे दुखणे कोणत्या शब्दांत सांगत होता, याचा हा बोलका पुरावा होय.

या यादीकडे आम्ही वळलो ते एका विशेष हेतूने. अलीकडे वैद्यकाच्या जगात ‘आरोग्य-साक्षरता’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. आपल्याला काय झाले आहे, कोणते औषध कसे घ्यावयाचे, कोणत्या लक्षणाला भ्यावयाचे आणि केव्हा धावपळ करावयाची, हे रुग्णाला किती कळते याचा अदमास घेणे आणि जे कळत नाही ते कळेल असे करणे, हा त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी प्रश्न जुना आहे. आणि शिवथरच्या यादीतील तीन नावांचे पुढे काय झाले हे पाहिले, तर त्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे हाती लागते. देवी गेल्या, नारू गेला, विंचू राहिला; परंतु त्याच्या विषाचा धाक याच महाड तालुक्यात पुष्कळ कमी झाला.

मोडशीचे नाव

परक्या वैद्याने येथल्या रुग्णाचा शब्द कानी धरला, याचे एक जुने उदाहरण गोव्यात सापडते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत इकडेच राहिला. मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यातून त्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ बाहेर पडला. हा ग्रंथ त्याने संवादरूपाने लिहिला. युरोपातून नुकताच आलेला एक विद्वान ग्रंथांतील मते मांडतो आणि ओर्ता त्याला येथे डोळ्यांनी पाहिलेले सांगतो, असा त्याचा थाट आहे. पटकीच्या रोगाचे वर्णन करताना ओर्ता लॅटिन नावापाशी थांबत नाही. या देशाचे लोक त्याला ‘मोरशी’ म्हणतात आणि आमचे लोक त्याचाच अपभ्रंश करून वेगळा उच्चार करतात, असे तो नोंदवितो. हा शब्द म्हणजे आपल्या घरोघरी आजही ऐकू येणारी मोडशी.

एवढ्याशा नोंदीत मोठी गोष्ट आहे. रोगाला लोक काय म्हणतात हे ज्या वैद्याने विचारून घेतले, त्याला त्या रोगाविषयी लोक काय जाणतात हेही विचारता येते. नाव ठाऊक नसेल तर पुढचा संवाद खुंटतो. रुग्णाच्या समजुतीची पारख त्याच्या शब्दांपासून सुरू होते, हे सूत्र अशा रीतीने सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच आपल्या किनाऱ्यावर छापून निघाले होते.

भीती आणि अज्ञान

हे सूत्र विसरल्यास काय घडते, ते १८९६ च्या मुंबईने पाहिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले आणि हा प्लेगच आहे असे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी केले. हे मूळचे गोव्याचे, आपल्याच कॅथोलिक समाजातील गृहस्थ. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला. वस्तीत हिंडून, खाटेपाशी जाऊन त्यांनी हे निदान केले होते.

निदान बरोबर होते, परंतु त्यानंतर सरकारी यंत्रणेने जो मार्ग पत्करला त्याने लोक बिथरले. रुग्णांना घरातून उचलून नेणे, घरे रिकामी करविणे, स्थानकांवर प्रवाशांची तपासणी करणे असे उपाय योजण्यात आले. १८९७ साली त्यांना साथरोग कायद्याचे बळही मिळाले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक रुग्ण लपवू लागले आणि त्यामुळे साथ अधिकच फैलावली.

अधिकाऱ्यांनी या साऱ्याला ‘लोकांचे अज्ञान’ असे नाव दिले. आम्हांस हे नाव अपुरे वाटते. ज्याच्या घरातून आजारी बाप उचलून नेला जातो आणि का नेला, कोठे नेला, परत केव्हा येईल यांपैकी काहीही ज्याला त्याच्या भाषेत सांगितले जात नाही, त्याच्या भीतीला केवळ अज्ञान म्हणून कसे चालेल? त्याला न सांगणारा शहाणा असेल, पण वैद्य म्हणून तो अपुरा ठरतो.

जे बोलता येत नाही

दुखणे सांगण्यात भाषेइतकाच दुसरा अडसर लाजेचा असतो. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी सेरामपूर येथे जाहीर भाषण केले आणि या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले. पुरुष डॉक्टरापुढे मोकळेपणी बोलणे स्त्रियांना जमत नाही, आणि जे बोलले जात नाही त्यावर उपचारही होत नाही, हे त्या काळच्या घराघरांतील वास्तव होते. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. परंतु त्यांना स्वतःलाच आयुष्य लाभले नाही. पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

याच जाणिवेने आपल्या ख्रिस्तसभेतही एक बदल घडविला. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांनी उतारवयात रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभे करण्यास हातभार लावला. कारण पडद्यातील स्त्री पुरुष डॉक्टरपर्यंत पोहोचतच नव्हती. त्यांचे कार्य पाहून ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगल डॉक्टर झाल्या, १९२० साली रावळपिंडीस आल्या आणि १९२५ साली त्यांनी वैद्यकीय सेवेला वाहिलेला धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. तोवर व्रतस्थ भगिनींना वैद्यकी व प्रसूतिशास्त्र यांचा पूर्ण अंगीकार करण्यास मोकळीक नव्हती. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ती दिली. धर्मग्रामाच्या दवाखान्यात आज एखादी सिस्टर बाळंतिणीच्या उशाशी बसते, तिच्यामागे हा इतिहास आहे. पडद्याआडच्या स्त्रियांना बोलता यावे यासाठी येथे संस्थेला आपला नियम बदलावा लागला.

देवी आणि नारू

आता शिवथरच्या यादीतील पहिल्या दोन नावांकडे येऊ. देवीची लस मुंबईत १८०२ सालीच टोचली गेली होती, तरीही त्या रोगाचे उच्चाटन होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. शेवटच्या टप्प्यात केवळ लस पुरली नाही. आरोग्य कर्मचारी गावोगाव, शाळांतून, बाजारांतून देवीच्या रुग्णाचे चित्र घेऊन हिंडले. ‘असे कोणी पाहिले आहे काय?’ हा एकच प्रश्न ते विचारीत. रुग्ण दाखविणाऱ्यास बक्षीस असे. अक्षर न येणारी आजीबाई आणि शाळकरी पोर या दोघांनाही ते चित्र वाचता येत होते. १९७५ साली भारतातील शेवटचे रुग्ण सापडले आणि १९७७ साली देश देवीमुक्त ठरला.

नारूची कथा याहूनही बोधप्रद आहे. नारूवर लस नव्हती आणि किडा मारणारे औषधही नव्हते. रोगाचे सूक्ष्म बीज विहिरीच्या पाण्यातून पोटात जाई. वर्षभराने पायातून हातभर लांबीचा किडा बाहेर येई. तो पाय पुन्हा पायविहिरीत बुडाला की पाणी दूषित होई. हे चक्र ज्याला समजले त्याच्या हाती उपाय आला : पाणी गाळून पिणे आणि नारू झालेला पाय पाण्यात न घालणे. जोडीला पायविहिरी बंद करून हातपंप बसविण्यात आले. महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू ठाण मांडून होता. १९९६ साली देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका रोगाचा निःपात केवळ पाण्याची सोय आणि लोकांची समजूत या दोहोंच्या बळावर झाला, हे आपल्या पिढीने पाहिलेले आश्चर्य आहे. आजच्या मुलांना नारू हा शब्दच ठाऊक नाही.

बिरवाडीचे आरोग्य केंद्र

तिसरे नाव विंचवाचे. एकनाथ महाराजांच्या भारुडामुळे विंचू मराठी मनात कायमचा जाऊन बसला आहे. कोकणात मात्र तो रूपकापुरता उरत नाही. तांबड्या मातीत, दगडांच्या गडग्यात, कौलांखाली, लाकूडफाट्यात आणि भाताच्या पेंढ्यात राहणारा लाल विंचू आकाराने लहान असतो. लोक भितात ते मोठ्या काळ्या इंगळीला. वास्तविक तिचा दंश ठणकतो खरा, पण सहसा जिवावर बेतत नाही. जीव घेतो तो लहानगा लाल विंचू, आणि त्यातही लहान मुलांचा.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते आजच्या जालना जिल्ह्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबातले. शिवथरच्या खोऱ्यातून महाडकडे उतरणाऱ्याला वाटेत लागते ते हेच बिरवाडी. विंचू चावलेली धडधाकट माणसे केंद्रात येत आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साचून, तोंडाला फेस येऊन दगावत. हातातल्या पाठ्यपुस्तकांत याविषयी पुरेसे मार्गदर्शन नव्हते. गंभीर विषबाधा झालेल्या शंभरांपैकी तीस ते चाळीस रुग्ण त्या काळी दगावत.

डॉ. बावस्कर रुग्णाच्या खाटेपाशी बसले आणि तासातासाच्या नोंदी ठेवू लागले. त्या नोंदींतून एक चित्र स्पष्ट झाले. ज्यांची प्रकृती पुढे बिघडणार असते त्यांना आरंभीच उलटी होते, घामाने अंगावरचे कपडे भिजतात, हातपाय गार पडतात आणि पुरुष व मुलगे यांच्यात जननेंद्रिय ताठ राहते. हृदयाचा त्रास उद्भवण्यापूर्वीची ही पूर्वसूचना होय. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगविख्यात वैद्यकीय साप्ताहिकात ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली.

या लक्षणांकडे रुग्णाच्या समजुतीच्या दृष्टीने पाहिले तर दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली वेदनेची. जितके जास्त दुखते तितका धोका मोठा, हे आपल्या सर्वांचे साधे तर्कशास्त्र. लाल विंचवाच्या बाबतीत ते फसवे आहे. नुसताच भयंकर ठणका आहे आणि बाकी काही नाही, असा रुग्ण बहुधा सुखरूप राहतो. उलट ज्याच्या अंगात विष भिनले आहे त्याला दंशाच्या जागी फारसे दुखतही नाही. म्हणजे जो पोर ओरडून घर डोक्यावर घेतो त्याला गाडीत घालून नेतात आणि जो घाम पुसत मुकाट्याने कोपऱ्यात बसतो त्याला ‘बरे वाटते आहे’ म्हणून झोपवतात, असे होऊ शकते. दुसरी गोष्ट लाजेची. वर सांगितलेले शेवटचे लक्षण कोणता मुलगा आपणहून आईला सांगेल? ते विचारावेच लागते, आणि विचारताना त्याला ओशाळे वाटणार नाही अशा शब्दांत विचारावे लागते. आनंदीबाईंनी मांडलेला प्रश्न येथे पुरुषाच्या बाबतीत उभा राहतो.

यावरून मांत्रिकाचेही कोडे उलगडते. विंचू ‘उतरविणारा’ माणूस गावोगाव असे आणि लोकांचा त्याच्यावर भरवसा असे. लोक मूर्ख होते म्हणून हा भरवसा टिकला, असे आम्हांस वाटत नाही. बहुसंख्य दंश साधे असतात आणि त्यांचा ठणका दिवसभरात आपोआप ओसरतो. मंत्र घातला आणि उतार पडला, हा अनुभव गावाने शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलेला असतो. ज्यांना उतार पडत नाही त्यांची संख्या थोडी, आणि त्यांचा मृत्यू नशिबाच्या खाती जमा होतो. अशा माणसाला ‘हे सारे थोतांड आहे’ असे सांगून काही साधत नाही. त्याचा अनुभव खोटा नाही, अपुरा आहे. ‘मंत्र घालायचा तर घाल, पण उलटी, घाम आणि गार हातपाय यांपैकी काहीही दिसले तर एक क्षणही थांबू नकोस’ असे सांगितले, तर त्याच्या अनुभवाचा मान राखून त्याच्या पोराचा जीव वाचविता येतो. खरे तर लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाटही न पाहता आरोग्य केंद्र गाठावे, हे उत्तम.

औषधाचा शोधही असाच निरीक्षणातून लागला. विंचवाच्या विषाने शरीरातील काही द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण पडतो. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. तिच्या उपयोगासंबंधी डॉ. बावस्कर यांचे लेखन १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. हा उपचार रूढ झाला तसतसे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेची प्रतिलस उपलब्ध झाली. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर चाचणी घेतली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिलस दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी तेवढ्या वेळात ८ जण. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे निष्कर्ष छापले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

गोळी स्वस्त असली तरी ती ‘घ्या आणि जा’ अशा जातीची नाही. ती डॉक्टरांनीच वजनाच्या मापाने द्यावयाची असते, हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा द्यावयाची असते आणि ती दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. एकदम उठवून बसविले तर रक्तदाब घसरून तो कोसळू शकतो. भेदरलेली आई मात्र पोराला उचलून छातीशी धरू पाहते. तिला ‘याला उचलू नका’ एवढेच सांगून भागत नाही. का उचलायचे नाही हे तिला कळावे लागते. कारण कळले की ती त्याच्या शेजारी आडवी होऊन त्याला थोपटते. उपचाराचा शेवटचा भाग असा आईच्या समजुतीवर उभा असतो.

समजूत कशी मोजावी?

रुग्णाला किती कळते हे मोजण्याच्या पद्धती अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस निघाल्या. १९९१ साली वैद्यकातील शब्दांची यादी मोठ्याने वाचून घेण्याची कसोटी आली. १९९५ साली रुग्णालयातील सूचना वाचून रिकाम्या जागा भरण्याची. २००५ साली आइस्क्रीमच्या वेष्टनावरील मजकूर दाखवून सहा प्रश्न विचारण्याची. या कसोट्यांनी एक उपकार केला. लिहितावाचता येणाऱ्या, नोकरी-धंदा करणाऱ्या असंख्य माणसांनाही औषधाची चिठ्ठी नीट उमगत नाही, हे त्यांनी उघड केले.

पण ही मापे शिवथरच्या डोंगरात कितपत चालतील? तेथील एखाद्या आजीला अक्षरओळख नसेल, तर ती पहिल्याच पानावर नापास होईल. याउलट साक्षर नसूनही आरोग्याचे भान किती पक्के असू शकते, हे जामखेडने दाखविले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. गावांनीच निवडलेल्या बाया त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येकजणी दलित समाजातल्या. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, एखादा विषय ऐकत, एकमेकींना सांगत आणि गावी जाऊन घरोघर पुन्हा सांगत. बालमृत्यूंचे प्रमाण तेथे झपाट्याने खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर बाईला आरोग्य समजते एवढेच नव्हे, तर तिला ते शिकविताही येते, हे त्यातून सिद्ध झाले.

जामखेडच्या बाया जे करीत, त्यालाच आज शास्त्राने मान्यता दिली आहे. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावयास लावणे, ही ती रीत. २००३ साली अमेरिकेत मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या एका पाहणीत डॉक्टरांनी एकूण १२४ नव्या गोष्टी रुग्णांना सांगितल्या. त्यांपैकी अवघ्या १५ गोष्टींच्या बाबतीत रुग्णाला त्या कळल्या की नाही, याची खात्री करून घेतली. ज्यांच्या बाबतीत खात्री करून घेतली गेली, त्यांचा मधुमेह अधिक आटोक्यात असल्याचे आढळले.

आपल्याकडचा अनुभव यापेक्षा वेगळा कोठे आहे? डॉक्टर विचारतात, ‘समजले ना?’ आणि रुग्ण मान डोलावतो, ‘होय साहेब.’ कोकणी माणसाचे हे ‘होय’ पुष्कळदा समजल्याचे नसते, आदराचे असते. साहेबांचा वेळ मोडू नये, मागे रांग आहे, आपण अडाणी दिसू नये, हे सारे त्या एका शब्दात असते. म्हणून हा प्रश्नच बदलला पाहिजे. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी देणार, ते मला सांगा बरे’ असे विचारले, की खरे उत्तर बाहेर येते. ‘तीन वेळा जेवणानंतर’ या सूचनेचा, दोनच वेळा जेवणाऱ्या शेतमजुराने लावलेला अर्थ तेव्हाच कळतो. पाठांतराची परीक्षा घेतल्यासारखे मात्र विचारू नये. ‘मी नीट सांगितले की नाही ते पाहतो आहे’ असे म्हणावे. मग कमीपणा रुग्णाकडे जात नाही, आणि खरे पाहता तो तेथे नसतोच.

याबरोबर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. आरोग्य-साक्षरतेचे नाव घेऊन साऱ्या जबाबदारीचे ओझे रुग्णाच्या माथी मारता कामा नये. लक्षणे ओळखून आई रात्री पोराला घेऊन निघाली, तर तिला वाहन मिळाले पाहिजे, केंद्रात डॉक्टर असला पाहिजे आणि कपाटात गोळी असली पाहिजे. नारू हटला तो लोकांना समजले म्हणून, आणि हातपंप बसले म्हणूनही. समजूत आणि सोय यांची जोडी फुटली, की उपदेश तेवढा मागे उरतो.

आपल्यापुरते

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांत आज परिचारिका आहेत, औषधांची दुकाने चालविणारे तरुण आहेत, दवाखाने चालविणाऱ्या धर्मभगिनी आहेत, आणि डॉक्टरांच्या दारी बसलेल्या वृद्धांबरोबर जाणारी मुले-नातवंडे तर घरोघर आहेत. या प्रत्येकाला दुभाष्याचे काम करता येण्याजोगे आहे. म्हाताऱ्या आईची चिठ्ठी वाचून दाखविताना कोणती गोळी कशासाठी, हे तिच्या शब्दांत सांगावे आणि तिच्याकडून परत ऐकावे. डॉक्टरांपुढे तिच्या वतीने आपणच सारे बोलून टाकू नये. तिचे दुखणे तिला तिच्या भाषेत सांगू द्यावे. ‘पोटात कालवते’, ‘अंगात कणकण आहे’, ‘जीव घाबरा होतो’ यांपैकी प्रत्येक शब्दाला वेगळा अर्थ आहे आणि तो ऐकून घेणाऱ्याच्या कामी येतो.

शिवथरच्या घळीतील ग्रंथकाराने रोगांची नावे लोकांच्या तोंडून घेतली. गोव्यातील वैद्याने मोडशीचे नाव विचारून घेतले. बिरवाडीच्या डॉक्टरने घाम, उलटी आणि गार पडलेले हात यांची दखल घेतली. ही लक्षणे खाटेभोवती बसलेल्या नातेवाइकांना रोज दिसत होती, पण त्यांचा अर्थ कोणी लावला नव्हता. त्या यादीतील दोन नावे आज पुसली गेली आहेत आणि तिसऱ्याची जरब पुष्कळ ओसरली आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, क्षय ही आपल्या काळाची यादी निराळी आहे आणि त्यांवरील औषधेही बव्हंशी आपल्या हाती आहेत. ती कशी घ्यावयाची हे रुग्णाला खरोखर कळले आहे की नाही, हे विचारण्यास लागणारी दोन मिनिटे प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक घरात काढली जावीत, एवढीच आमची विनंती आहे.